सुमनताईंच्या खोकल्याचं औषध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लग्नानंतर एकदा नवऱ्याला सांगायला बसले होते. "तुम्हाला एक सांगायचंय" इथपर्यंत आलेही होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी उठून गेले. परत आल्यावर त्यांनी विचारलं, काय सांगत होतीस? मी म्हटलं, भाजीवाल्याने आज भेंडी अगदी जून दिली. अशी मी. तेव्हा आज तुम्हाला सांगतानाही मी अधूनमधून भेंडीवर जाईन. तुम्ही ओळखालच.

कुठून सुरू करू? सुमनताईंपासून करायला हवं. पण बघा, त्यांचं नाव घेतलं की मला आधी स्वतःचंच काहीतरी सांगावंसं वाटतं—माझी परिस्थिती, माझं वय, माझी नोकरी. म्हणजे तुमच्या मनात माझ्यासाठी थोडी जागा व्हावी. ही लबाडी मला कळते. तरी थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

मी कलकत्त्यात, बागबाजारात जन्मले. मराठ्यांच्या स्वाऱ्यांना घाबरून या शहराने पूर्वी एक खंदक खणला होता, त्याचं टोक आमच्याच बाजूला. शेजारच्या बंगाली बायका मला लाडाने 'बर्गीर मेये' म्हणायच्या. बर्गी म्हणजे लुटायला आलेले मराठे, आणि मी त्यांची मुलगी. त्या हसायच्या, हातावर संदेशाची मिठाई ठेवायच्या, त्यात वाईट काही नव्हतं. पण बाबांना ते लागायचं. ते शाळेत गणित शिकवायचे. घरी आम्हाला एकच शिकवण होती—आपल्याकडे कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. ट्रामचा कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर बाबा उतरायच्या आधी त्याला शोधत मागच्या डब्यापर्यंत जायचे. आम्हाला लाज वाटायची.

बाबा गेले ते हाडांच्या कॅन्सरने. शेवटचे तीन महिने मॉर्फिन. आणि ते टोचायला रोज संध्याकाळी यायच्या त्या सुमनताई.

त्या मिरजेला नर्सिंग शिकलेल्या. नवरा फौजेत कारकून होता, फोर्ट विल्यमला बदलून आला आणि वर्षाच्या आत काविळीने गेला. सासरच्यांनी परत बोलावलं नाही, माहेरी कुणी उरलं नव्हतं. धर्मतल्याच्या मागच्या एका नर्सिंग होममध्ये त्यांना काम मिळालं, आणि कामाबरोबर जिन्याखालची एक खोली. त्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि गणपतीची तसबीर. तेवढंच त्यांचं घर. मराठी मंडळींत कुणी आजारी पडलं की त्या ड्युटी संपवून जायच्या, आणि कुणाकडून काही घ्यायच्या नाहीत. त्यांचा हात हलका होता. बाबा म्हणायचे, सुमन सुई टोचते ते कळतच नाही, मी वाट बघत बसतो आणि ती म्हणते झालं, काका.

आणि एक गोष्ट त्या रोज करायच्या. इंजेक्शन दिलं की रिकामी अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, आईच्या हातात ठेवायच्या. "काकू, या डब्यात टाका. शेवटी मोजून घ्या." आई म्हणायची, अगं, तुझ्यावर विश्वास नाही का आमचा? त्या म्हणायच्या, विश्वासाचा प्रश्न नाही, हे औषध मोजायचंच असतं. बाबा गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी तो डबा आईकडून मागून घेतला, जमिनीवर फडकं पसरून सगळ्या अँप्यूल्स मांडल्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांशी ताडून बघितल्या. दोन भरलेल्या उरल्या होत्या, त्या आमच्यासमोर फोडून मोरीत ओतल्या. मी दारात उभी राहून बघत होते.

हे मी पाहिलं होतं. या डोळ्यांनी. एवढं लक्षात ठेवा.

मी तेव्हा एस्प्लनेडजवळच्या एका खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी., लॅबमधली एकुलती एक मुलगी. मालक डॉक्टर दत्त—हुशार माणूस, तापट, पण माझ्यावर मेहेरनजर. सत्तरीचं दशक नुकतं लागलेलं. शहरात रोज कुठे ना कुठे बाँब, भिंतींवर लाल अक्षरं, निर्वासितांनी स्टेशनं भरलेली. त्यात ज्याला पक्की नोकरी होती तो स्वतःला नशीबवान समजे. मीही समजे. बाबा गेल्यावर घर माझ्या पगारावर चाललं होतं. —हे बघा, आले परिस्थितीवर. खरं तर त्या नोकरीला धक्का लागला असता असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. फार तर दत्तबाबू चार दिवस रागावले असते.

त्या हिवाळ्यात सुमनताईंना खोकला लागला. कोरडा, ढास लागली की थांबायची नाही. फोर्ट विल्यममधले एक मराठी कॅप्टन डॉक्टर रविवारी आमच्या मंडळाच्या खोलीत बसून लोकांना फुकट तपासायचे, त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. कोडीनचं सिरप, दिवसातून तीन वेळा. सुमनताईंना ड्युटीतून बाहेर पडता येईना, म्हणून औषध मी आणलं. माझ्या लॅबच्या खालीच दुकान होतं. दोन बाटल्या नेऊन दिल्या आणि चिठ्ठी माझ्या पर्समध्येच राहिली. पुढच्याच आठवड्यात त्या कॅप्टनची आसाममध्ये कुठेतरी बदली झाली.

आणि त्याच सुमारास नर्सिंग होमच्या कपाटातून मॉर्फिनच्या अँप्यूल्स नाहीशा होऊ लागल्या.

तिथले मालक दत्तबाबूंचे मित्र. पोलिसांकडे जायचं नव्हतं, नाव खराब झालं असतं. दोघांनी ठरवलं, रात्रपाळीच्या चार नर्सेसची लघवी तपासायची. चोरणारी स्वतः टोचून घेत असणार, असा त्यांचा हिशेब. असली तपासणी आम्ही तोवर केली नव्हती. दत्तबाबूंनी पुस्तकं काढली, आम्ही दोघांनी मिळून ती बसवली. लघवी क्लोरोफॉर्मबरोबर घुसळायची, क्लोरोफॉर्म उडवून टाकायचा, खाली जे उरेल ते चिनी मातीच्या पांढऱ्या टाइलवर घेऊन त्यावर ॲसिडचा एक थेंब. अफूतलं काही असेल तर जांभळा रंग येतो. मला त्याचा केवढा अभिमान वाटत होता, विचारू नका.

चार बाटल्या आल्या, सोबत एक यादी. यादीत 'चालू औषधे' असा रकाना होता. मेट्रनने कुणालाही न विचारता चौघींच्या नावांपुढे वरपासून खालपर्यंत एकच रेघ ओढली होती. तिसरं नाव सुमनताईंचं.

दत्तबाबू माझ्या खांद्यावरून यादी वाचत होते. त्या आडनावावर बोट ठेवून त्यांनी सहज विचारलं, "तोमादेर लोक? चेनो ना कि?"

तुमच्यातली? ओळखतेस की काय?

मी म्हटलं, "ना. चिनि ना."

नाही, ओळखत नाही. बंगालीत म्हटलं. मराठीत म्हणावं लागलं असतं तर कदाचित जीभ अडखळली असती. का म्हटलं? आजवर हजार वेळा विचारलंय स्वतःला. चोरीच्या यादीत आपलं माणूस, आणि ते आपल्या ओळखीचं! बाबांची मुलगी मी, कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. म्हणजे बघा, स्वच्छ दिसण्यासाठी मी तिथल्या तिथे खोटं बोलले. बाबा कंडक्टरला शोधत मागच्या डब्यात जायचे, त्यातलं मी फक्त दिसणं उचललं होतं.

टाइलवर तीन थेंब बिनरंगी राहिले. तिसऱ्या बाटलीचा थेंब जांभळा झाला. पण मी काही अडाणी नव्हते. कोडीनही अफूतूनच निघतं, टाइलवर तोच जांभळा देतं, हे मला ठाऊक होतं. पुस्तकात त्या ओळीखाली माझीच पेन्सिलची रेघ होती. मी वळले असते, एवढंच म्हणाले असते, सर, ही बाई खोकल्याचं औषध घेतेय, मीच आणून दिलंय. पण तासाभरापूर्वीच मी तिला ओळखत नव्हते ना?

रिपोर्ट माझ्या अक्षरात लिहिला. सही दत्तबाबूंची.

सुमनताईंना बोलावून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मी फक्त खोकल्याचं औषध घेते. मालकांनी बाटली मागितली. औषध संपून बाटल्या भंगारवाल्याकडे गेल्या होत्या. चिठ्ठी मागितली. ती माझ्याकडे होती. मालकांनी फोन करून दत्तबाबूंना विचारलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून दत्तबाबूंनी मला—यादीत औषधाचा उल्लेख होता का? मी म्हटलं, नव्हता. अक्षरशः खरं होतं ते. माझी पर्स त्याच टेबलाच्या खणात होती.

त्यांना कामावरून काढलं, आणि आठ दिवसांत खोली सोडायला सांगितलं.

रविवारी दुपारी त्या आमच्या घरी आल्या. आई कीर्तनाला गेली होती. त्या रडल्या नाहीत. खोकत होत्या—नवी बाटली त्यांनी मुद्दामच मागवली नव्हती, पुन्हा तपासलं तर काही सापडू नये म्हणून. मी पाणी दिलं. त्यांनी माझा हात धरला.

"नलू, तपासणीच्या बाटल्या तुझ्याच लॅबमध्ये आल्या होत्या म्हणतात. तुला कुणी विचारलं नसेल, म्हणून तू बोलली नसशील. चिठ्ठी तुझ्याकडे राहिली आहे ना? तेवढी दाखव त्यांना. बाकी मला काही नको."

मला कुणी विचारलं नसेल! त्यांना दुसरं काही सुचलंच नव्हतं माझ्याबद्दल. मी म्हटलं, उद्याच बोलते. आणि खरंच बोलणार होते. पुन्हा तपासणी करायला लावू, असंही मी म्हणाले. त्या म्हणाल्या, हो, दहा वेळा करू देत.

आता जे सांगते, ते या सगळ्याच्या तळाशी आहे.

सोमवारी मी बोलले नाही. मनाची समजूत घातली, आधी खात्री करून घेऊ. पुस्तकात लिहिलेलं एक आणि प्रत्यक्षात दुसरं, असं नको. त्याच चिठ्ठीवर खालच्या दुकानातून आणखी एक बाटली घेतली आणि दोन दिवस तीन-तीन वेळा प्यायले. मला खोकला नव्हता. ट्राममध्ये डोळे मिटत होते. बुधवारी सगळे जेवायला गेल्यावर मी स्वतःची लघवी तपासली—तसंच घुसळलं, तसंच उडवलं, तीच टाइल, तोच थेंब.

जांभळा. अगदी तोच, कडेला थोडा गडद.

हातात पुरावा होता. टाइल हातात धरून शेजारच्या खोलीत जायचं होतं, पंधरा-वीस पावलं. दत्तबाबू आत माशाचा डबा उघडून बसले होते, वास येत होता. त्यांना सांगायचं होतं, सर, हे माझं आहे, मी चोर नाही, आणि तीही नाही. ते ओरडले असते. म्हणाले असते, तू ओळखत नाही म्हणालीस. बस. एवढंच झालं असतं. यापेक्षा जास्त काही झालं असतं असं मला कितीही ओढूनताणून म्हणता येत नाही.

मी नळाखाली टाइल धुतली. साबण लावून धुतली, पुसली, जागेवर ठेवली. मग हात धुतले आणि डबा खाल्ला. पोळी आणि बटाट्याची भाजी होती.

इथवर भ्याडपणा म्हणता येईल. लोक भ्याड असतात. पण गुरुवारी संध्याकाळी मी सुमनताईंच्या खोलीवर गेले. त्या सामान बांधत होत्या. मला बघून उभ्या राहिल्या. आणि मी म्हटलं—

"बोलले मी, सुमनताई. चिठ्ठी पण दाखवली. ते म्हणाले, असल्या चिठ्ठ्या कुणीही लिहून देतं."

कुणी मला हे म्हणायला लावलं नव्हतं. मी ट्राममध्ये येता येता जुळवलं होतं, शब्दन् शब्द. त्या खाटेवर बसल्या. पुन्हा तपासणीचं त्यांनी विचारलंच नाही. जिथे चिठ्ठीवर विश्वास नाही तिथे टाइलवर कोण ठेवणार, असं त्यांना वाटलं असावं. त्यांची शेवटची आशा मी अशी बसल्या बसल्या मोडून टाकली, आणि मोडणारे दुसरेच होते असं सांगितलं. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "तू बोललीस, हेच खूप झालं गं."

त्यांना पुन्हा नर्सचं काम कुठेच मिळालं नाही. मॉर्फिनची गोष्ट या शहरात एका नर्सिंग होममधून दुसऱ्यात जायला वेळ लागत नाही. मराठी मंडळींतही पसरली. सणावारी त्यांना बोलावणं बंद झालं. आधी विसरून राहिलं असं म्हणायच्या बायका, मग तेही म्हणेनाशा झाल्या. सुमनताई लोकांच्या घरी म्हाताऱ्यांकडे बघायला राहू लागल्या, आया म्हणून. पांढरी साडी गेली. आणि नर्सिंग होममधल्या अँप्यूल्स? त्या जातच राहिल्या. दत्तबाबूंनी एकदा चहा पिताना हसत हसत सांगितलं, मालकाचा मेहुणाच निघाला. मी विचारलं, मग त्या बाईचं? ते म्हणाले, कोण बाई?

तेव्हाही मी काही बोलले नाही. तेव्हा तर सोपं होतं.

सहा-सात वर्षांनी, चौरंगीचा रस्ता मेट्रोसाठी खणून ठेवला होता त्या दिवसांत, आई अंथरुणाला खिळली. कुठल्या तोंडाने कोण जाणे—पण मीच सुमनताईंना बोलावून आणलं. त्या लगेच आल्या. आईला पुसायच्या, भरवायच्या, कूस बदलून द्यायच्या. केस पांढरे झाले होते, खोकला तसाच होता. एके दिवशी डॉक्टरांनी आईला इंजेक्शन लिहून दिलं. मी सुई उकळून आणली, त्यांच्यासमोर ताट धरलं. त्यांनी हात मागे घेतले.

"मी टोचत नाही आता, नलू. कंपाउंडरला बोलाव."

कंपाउंडर आला. त्याने दोनदा टोचलं, आई कळवळली. सुमनताई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. तो गेल्यावर त्या आईच्या उशाशी बसल्या, आणि आईचं मन दुसरीकडे वळावं म्हणून असेल, बोलायला लागल्या. म्हणाल्या, "काकू, सगळ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली तेव्हा तुमच्या नलूने एकटीने माझ्यासाठी शब्द टाकला. स्वतःच्या नोकरीची पर्वा केली नाही. मी जाईन तिथे सांगते हे."

जाईन तिथे सांगते! म्हणजे एवढी वर्षं, परक्यांच्या घरी, म्हाताऱ्यांच्या उशाशी बसून त्या माझं कौतुक सांगत होत्या. आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तसं तिने माझ्याकडे आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "शेवटी यांचीच मुलगी." यांची म्हणजे बाबांची.

मी ताट हातात घेऊन उभी होते. खाली ठेवून सांगता आलं असतं. दोघी होत्या समोर. मी म्हटलं, काहीतरीच काय, सुमनताई, आणि ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले. विनय वाटला असेल त्यांना तो.

आई पंधरा दिवसांनी गेली, तो अभिमान घेऊन. सुमनताई त्यानंतर दोन पावसाळे होत्या. त्यांचा खोकला कुणी नीट तपासलाच नव्हता. तपासला तेव्हा फुप्फुसात काही उरलं नव्हतं. सरकारी इस्पितळात गेल्या. उशाखाली एक पत्त्याचा कागद सापडला, कुणाला कळवायचं म्हणून लिहून ठेवलेला. त्यावर माझं एकटीचं नाव होतं. त्यामुळे मीच गेले, मीच सही केली. कारकुनाने विचारलं, आपण कोण त्यांच्या? मी म्हटलं, ओळखीची. ते म्हणायला मला आठ वर्षं लागली.

ती चिठ्ठी अजून आहे माझ्याकडे. घड्या पडल्या तिथे फाटली आहे, पण कॅप्टनचं अक्षर वाचता येतं. रुग्णाचं नाव, कोडीन, तीन वेळा. खाली दुकानाचे दोन शिक्के आहेत—एक त्यांच्या बाटल्यांचा, एक माझ्या.

मी शब्द टाकला नव्हता, सुमनताई. चिठ्ठी त्यांना दाखवलीच नव्हती.